भाजक आहेत, पण दाखवता येत नाहीत : एका २१ अंकी संख्येची गोष्ट



या मालिकेत आपण आतापर्यंत ज्ञान म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, एखादी गोष्ट 'मला माहीत आहे' असं मी कधी म्हणू शकतो, अशा प्रश्नांवर बोलत आलो. बहुतेक उदाहरणं नेहमीचीच होती. दोरी आणि साप, शिंपला आणि चांदी, डोंगरावरचा धूर. आज उदाहरण बदलू या. आज एक संख्या घेऊ, आणि तिच्या निमित्तानं तेच जुने प्रश्न पुन्हा विचारू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, गणिताचा नाही. त्यामुळे शाळेतला गुणाकार, भागाकार आणि बाकी एवढ्यावरच आपल्याला भागवायचं आहे. आणि ते भागतं, काळजी करू नका.

संख्या अशी आहे : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस अंक आहेत. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची नावं दिली आहेत, एकं, दहं, शतं, सहस्रं करत ती परार्धावर थांबतात. परार्ध हे अठरावं स्थान. आपली संख्या त्याच्याही पलीकडे तीन घरं जाते, म्हणजे साधारण १,४७५ परार्ध. पण ती लिहायची एक सोपी रीत आहे. २ ला २ नं गुणत जा, असे एकूण ६७ दोन घ्या, आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करा. म्हणजे २ चा ६७वा घात, उणे १.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरं भरायची. सगळे दाणे मिळून होतात २ चा ६४वा घात उणे १. पटाला आणखी तीन घरं जोडली असती, तर एकूण दाणे झाले असते आपली आजची संख्या. म्हणजे पटावरच्या दाण्यांच्या आठपट, अधिक ७.

आता गंमत बघा. पटावरच्या दाण्यांची संख्या वीस अंकी आहे, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. तिचे अवयव पाडणं फारसं अवघड नाही. ६४ चे निम्मे ३२, त्याचे निम्मे १६, असं करत गेलं की संख्या आपोआप सुटत जाते. शेवटी मिळतं ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. यातला ६४१ तेवढा जरा हट्टी होता. २ चा ३२वा घात अधिक १ ही मूळ संख्या असावी असं फर्माला वाटत होतं. ६४१ नं तिला नि:शेष भाग जातो हे अठराव्या शतकात ऑयलरनं दाखवलं. पण एकंदरीत ही संख्या मनमिळाऊ आहे, बोलतं केलं की बोलते.

तिच्यापासून तीनच घरं पुढे असलेली आपली संख्या मात्र अडीचशे वर्षं तोंड उघडत नव्हती. कारण ६७ ही स्वतःच मूळ संख्या आहे, तिचे निम्मे-पाव होत नाहीत. घातांक संयुक्त असेल तर संख्या लगेच फुटते. उदाहरणार्थ २ चा ६वा घात उणे १ म्हणजे ६३, तो ७ × ९ असा फुटतो. घातांक मूळ असेल तर ही सोय राहत नाही. मग संख्या मूळ असू शकते, नसूही शकते.

पहिला टप्पा : शब्द

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मर्सेन नावाचे एक धर्मोपदेशक राहत होते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असतं, कारण देकार्तच्या 'मेडिटेशन्स'वर त्या काळातल्या विद्वानांचे आक्षेप गोळा करण्याचं काम त्यांनीच केलं. सगळ्या युरोपातल्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. एकाचं पत्र दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. आजच्या भाषेत तो माणूस म्हणजे एक चालतंबोलतं नियतकालिकच होतं.

१६४४ साली मर्सेन यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत असं लिहिलं की, २ चा घात उणे १ ही संख्या २५७ पर्यंतच्या फक्त या घातांकांना मूळ असते : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. या यादीत ६७ आहे. म्हणजे आपली संख्या मूळ आहे असा त्यांचा दावा. सिद्धता दिलेली नाही. आणि एकवीस अंकी संख्या त्या काळी हातानं तपासणं कोणाच्या आवाक्यात नव्हतं.

मग लोकांनी ती यादी का मानली? आपल्या भाषेत सांगायचं तर शब्दप्रमाण. आप्ताचं वचन. नैयायिक आप्त कोणाला म्हणतात? ज्याला विषय यथार्थ माहीत आहे, आणि जो तो जसा आहे तसा सांगतो. मर्सेन खोटं बोलणारे नव्हते, दुसरी अट पुरी होत होती. प्रश्न पहिल्या अटीचा होता. त्यांना हे *कशावरून* कळलं? हा प्रश्न विचारायला सोपा, पण उत्तर तपासायला जवळजवळ अशक्य होता, म्हणून यादी चालत राहिली.

शब्दप्रमाणाला कमी लेखायचं कारण नाही. आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक गोष्टी आपण कोणाच्या तरी शब्दावरच घेतो. स्वतःची जन्मतारीखसुद्धा! पण शब्दाची ताकद शेवटी बोलणाऱ्यानं दुसऱ्या कुठल्या तरी प्रमाणानं ते मिळवलं आहे की नाही, यावर असते. तो धागा तुटला की उरतो फक्त लौकिक.

दुसरा टप्पा : अनुमान

आता १८७६ सालात येऊ. फ्रान्समधले गणिती एदुआर ल्युका यांनी दाखवून दिलं की आपली संख्या मूळ *नाही*. मर्सेन चुकले होते. पण ल्युकांनी एकही भाजक दाखवला नाही. 'या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून आणखी कुठल्या तरी संख्येनं भाग जातो, हे नक्की. कुठल्या, ते मला माहीत नाही.' असं त्या निकालाचं स्वरूप.

हे ऐकून कोणालाही वाटेल, हे कसं शक्य आहे? चोर कोण ते माहीत नाही, पण चोरी झाली हे नक्की, असं? तर हो, अगदी तसंच. घरातली वस्तू गेली आहे हे कळायला चोर सापडावा लागत नाही.

हे कसं होतं ते छोट्या उदाहरणावरून पाहू. फर्माचा एक सिद्धांत आहे. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या. तिच्यातून एक वजा करा, तेवढा २ चा घात करा, आणि त्याला त्या मूळ संख्येनं भागा. बाकी नेहमी १ उरते. ७ घ्या. २ चा ६वा घात ६४. ६४ ला ७ नं भागलं, ६३ गेले, बाकी १. बरोबर. आता १५ घ्या. २ चा १४वा घात होतो १६,३८४. १५ नं भागलं तर १६,३८० जातात, बाकी ४. एक उरली नाही. म्हणजे १५ ही मूळ संख्या नाही. लक्षात घ्या, आपण ३ चं नाव काढलं नाही, ५ चं नाव काढलं नाही. पंधराचे अवयव न पाहता पंधरा संयुक्त आहे हे आपल्याला कळलं.

हे शुद्ध अनुमान आहे. आणि आता आपला जुना डोंगर आणि धूर इथे बसवून बघा, किती नेमका बसतो. 'जिथे धूर, तिथे अग्नी' ही व्याप्ती. तशी 'जिथे मूळपणा, तिथे बाकी १' ही फर्माची व्याप्ती. म्हणजे मूळपणा हा धूर, आणि बाकी १ हा अग्नी. व्याप्ती पक्की असली की तिची उलटी बाजूही पक्की असते : जिथे अग्नी नाही, तिथे धूर नाही. नैयायिक तळ्याचा दाखला देतात, तळ्यात अग्नी नाही म्हणून तिथे धूरही नाही. आपला १५ म्हणजे हे तळं. बाकी १ नाही, म्हणून मूळपणा नाही.

पण मोह वेगळाच होतो. बाकी १ उरली की संख्या मूळ आहे, असं म्हणायचा. म्हणजे 'जिथे अग्नी, तिथे धूर'. हे चालत नाही. नैयायिकांनी त्याला तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला दिला : अग्नी आहे, धूर नाही. अशा हेतूला ते सव्यभिचार म्हणतात, म्हणजे जो हेतू साध्याशी एकनिष्ठ राहत नाही. संख्यांमध्ये असे लोखंडी गोळे आहेत का? आहेत. ३४१ घ्या. २ चा १०वा घात १,०२४, त्याला ३४१ नं भागलं तर तीन वेळा १,०२३ जातात, बाकी १. मग १० च्या पटीतल्या कुठल्याही घाताला बाकी १ च, म्हणून ३४० व्या घातालाही बाकी १. परीक्षा उत्तीर्ण. आणि तरीही ३४१ म्हणजे ११ × ३१. मूळ संख्या नाही!

आता खरी अडचण. आपली एकवीस अंकी संख्यासुद्धा अशीच लोखंडी गोळा आहे. तिला ही २ ची परीक्षा दिली तर ती उत्तीर्ण होते. किंबहुना घातांक मूळ असलेल्या या जातीच्या सगळ्याच संख्या त्यात उत्तीर्ण होतात, मग त्या मूळ असोत वा नसोत. म्हणजे ही चाचणी इथे निरुपयोगी. म्हणून ल्युकांना नवी चाचणी शोधावी लागली. पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकन गणिती लेहमर यांनी तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं, ते मी सांगतो. करून बघण्यासारखं आहे.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, त्यातून २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकातून २ वजा केल्यावर जितके येतात तितक्या वेळा हे करायचं. शेवटी बाकी ० आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. इथे दोन्ही बाजू पक्क्या आहेत. सम-व्याप्ती म्हणा. लोखंडाचा गोळा या चाळणीतून निसटत नाही.

घातांक ५ घेऊ, संख्या ३१. तीन पायऱ्या. ४ वरून १४. १४ वरून १९४, ३१ नं भागून बाकी ८. ८ वरून ६२, बाकी ०. म्हणजे ३१ मूळ. आता घातांक ११, संख्या २,०४७. नऊ पायऱ्या कराव्या लागतात : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य नाही. म्हणजे २,०४७ संयुक्त. भाजक अजून आपण पाहिलेलेच नाहीत. (ते आहेत २३ आणि ८९, घरी तपासून बघा.)

आपल्या संख्येसाठी अशा ६५ पायऱ्या. प्रत्येक पायरीला एकवीस अंकी संख्येचा वर्ग आणि भागाकार. कष्टाचं काम आहे, पण माणसाला जमण्यासारखं आहे.

तिसरा टप्पा : समोर मांडलेलं

भाजक कोणता, हा प्रश्न उरलाच होता. तो किती अवघड होता याचा अंदाज घेऊ. सरळ मार्गानं जायचं तर संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ येतं सुमारे १,२१४ कोटी. तिथपर्यंतच्या मूळ संख्या पन्नास कोटींहून जास्त आहेत. मिनिटाला एक भागाकार, रात्रंदिवस, न थांबता केला तर साडेनऊशेहून जास्त वर्षं लागतील.

अर्थात गणिती आंधळेपणानं शोधत नाहीत. या जातीच्या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक एका ठरावीक साच्यातलाच असावा लागतो : घातांकाच्या दुपटीच्या पटीत, अधिक १. मघाचा २,०४७ बघा. घातांक ११, दुप्पट २२. त्याचे भाजक २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे २२ चोक ८८ अधिक १. आपल्या संख्येत दुप्पट १३४. म्हणजे भाजक १३४ च्या पटीत अधिक १ असलाच पाहिजे. बाकी सगळ्यांना दारातूनच परत. आणखीही काही नियम लावून चाळण बारीक करता येते. तरीसुद्धा लाखो उमेदवार उरतात.

१९०३ साली हे काम फ्रँक नेल्सन कोल यांनी पुरं केलं. ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीस होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला सोसायटीच्या सभेत त्यांचा निबंध होता, विषय मोठ्या संख्यांचे अवयव. एरिक टेंपल बेल यांनी पुढे लिहिलेली गोष्ट अशी : कोल फळ्याजवळ गेले, एक शब्द न बोलता २ चा ६७वा घात करून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला दोन संख्या मांडल्या आणि पद्धतशीर गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला, प्रश्न कोणी विचारला नाही. हे शोधायला किती वेळ लागला असं बेल यांनी नंतर विचारलं, तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. बेल गोष्टी रंगवून सांगण्यासाठी प्रसिद्ध होते, तेव्हा त्यातला मसाला किती ते तुम्ही ठरवा. पण निबंध छापलेला आहे, आणि गुणाकार तर कोणालाही करता येतो :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ = १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

पहिली संख्या नऊ अंकी, दुसरी बारा अंकी. पाढ्यातले नऊ गुणिले बारा, म्हणजे एकशे आठ छोटे गुणाकार. एक जपमाळ ओढायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. पहिल्या संख्येतून १ वजा करून १३४ नं भागा, नि:शेष भाग जातो, १४,४५,५८० येतात. साचा बरोबर आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला नवाचा ताळा पाठ असायचा. तो लावू. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसरीची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एक एके एक. गुणाकाराच्या अंकांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. ताळा जुळला! पण सावध. ताळा जुळला नाही तर गुणाकार नक्की चूक. ताळा जुळला तर गुणाकार बरोबर *असू शकतो*, इतकंच. अंकांची अदलाबदल झाली तरी ताळा जुळतोच. म्हणजे इथेही तेच, तळं आणि लोखंडाचा गोळा. आपल्या आज्या न्यायशास्त्र न शिकता ते वापरत होत्या.

मग १८७६ नंतर उरलं काय होतं?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १८७६ ते १९०३ या सत्तावीस वर्षांत लोकांना काय माहीत होतं? 'ही संख्या संयुक्त आहे' हे सिद्ध होतं. मग कोल यांनी नवीन काय दिलं?

एक उत्तर असं : काहीच नाही, फक्त तपशील. सत्य तेच राहिलं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. कारण ल्युकांचा निकाल तुम्हाला तपासायचा असेल, तर त्यांनी केलेलं सगळं गणित पुन्हा करावं लागतं. मध्ये एक अंक चुकला तर शेवटची बाकी बदलते, आणि 'शून्य आलं नाही' हे उत्तर चुकीच्या गणितानंही सहज येतं. म्हणजे सिद्धांत अनुमानाचा, पण तो ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांच्या हाती पुन्हा शब्दच पडला : ल्युका म्हणतात म्हणून. कोल यांनी जे दिलं ते एका दुपारी कोणीही तपासावं असं दिलं. शोधायला तीन वर्षं, पटायला एक तास. ज्ञानाचा मालक बदलला. ते तज्ज्ञाकडून सभेकडे गेलं.

तुम्ही म्हणाल, मग हे प्रत्यक्ष झालं का? तर तसंही नाही. कांटनं ७ अधिक ५ बरोबर १२ हे उदाहरण घेऊन म्हटलं की बेरीज नुसत्या संकल्पनांच्या विश्लेषणातून निघत नाही, बोटं किंवा ठिपके असं काही डोळ्यांपुढे आणावं लागतं, आणि मोठ्या संख्या घेतल्या की हे जास्तच स्पष्ट होतं. फ्रेगेनं १८८४ साली यावर नेमकं बोट ठेवलं. त्यानं १,३५,६६४ अधिक ३७,८६३ असं उदाहरण घेतलं आणि विचारलं, इतकी बोटं कोणाच्या डोळ्यांपुढे येतात? बरोबरच आहे. कोल यांच्या फळ्यावर कोणी १,४७५ परार्ध ठिपके पाहिले नव्हते. त्यांनी पाहिली ती चिन्हं, आणि प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे एवढं. विटगेनश्टाइन म्हणतो तसं, सिद्धता नजरेच्या टप्प्यात यायला हवी. कोल यांची सिद्धता येते. म्हणून मी तिला प्रत्यक्ष म्हणणार नाही, पण 'समोर मांडता येणारं अनुमान' म्हणेन. हा फरक लहान नाही.

आजचं काय?

हा प्रश्न इतिहासजमा झाला असं समजू नका. आज २ चा १,२७७वा घात उणे १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध आहे, आणि तिचा एकही मूळ अवयव आजवर सापडलेला नाही. ल्युका आणि कोल यांच्या मधल्या सत्तावीस वर्षांसारखी ती संख्या आज मधेच उभी आहे, जगभरचे संगणक असूनसुद्धा.

२००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी जगाला एक सुंदर गोष्ट दाखवली. संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवण्याची एक पद्धत त्यांनी दिली. ती नेहमी अचूक असते, आणि संख्येचे अंक वाढले तरी तिचं काम आवाक्याबाहेर जात नाही. पण तीसुद्धा भाजक सांगत नाही! 'आहे की नाही' हे लवकर कळतं, 'कोणता' हे लवकर कळण्याचा मार्ग आपल्या नेहमीच्या संगणकांना अजून सापडलेला नाही.

आणि या दरीवर आपण घर बांधलं आहे. इंटरनेटवरच्या गुप्ततेसाठी वापरली जाणारी, १९७७ साली शोधलेली आरएसए ही पद्धत याच दरीवर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्या घ्यायच्या, गुणायच्या, गुणाकार सगळ्यांना सांगायचा, अवयव स्वतःकडे ठेवायचे. गुणाकार चुटकीसरशी होतो, उलट जाता येत नाही. या पद्धतीच्या आव्हानासाठी जाहीर केलेल्या संख्यांपैकी २५० अंकी संख्या २०२० साली फुटली, ६१७ अंकी अजून फुटलेली नाही. अवयव पाडणं *मुळातच* अवघड आहे, हे मात्र कोणी सिद्ध केलेलं नाही. आपण ते मानतो, कारण अनेक हुशार माणसांनी प्रयत्न केले आणि त्यांना जमलं नाही. हे कोणतं प्रमाण झालं? बारकाईनं बघा. १६४४ नंतर लोकांनी मर्सेन यांच्या यादीवर ठेवला, त्यापेक्षा हा विश्वास चांगला आहे, कारण इथे निदान प्रयत्न तरी झालेले आहेत. पण तो आहे विश्वासच. मी एवढंच म्हणतो की, आपण कुठल्या गोष्टीला सिद्ध म्हणतो, कुठलीला दाखवलेली म्हणतो आणि कुठलीला नुसती मानलेली म्हणतो, हे वेगळं ठेवायची सवय लावून घ्यावी. संख्यांच्या बाबतीत हे स्वच्छ दिसतं. राजकारणात, आरोग्यात, रोज येणाऱ्या निरोपांत ते गढूळ असतं, म्हणून तिथे ही सवय जास्त लागते.

व्याख्यानानंतरचे काही प्रश्न

*प्रश्न : सर, १९०३ च्या आधी तो भाजक 'होता' का? की कोल यांनी तो निर्माण केला?*

चांगला प्रश्न आहे. ब्राउवरसारखे अंतःप्रज्ञावादी म्हणतात की, वस्तू रचून दाखवल्याशिवाय 'ती आहे' असं म्हणू नये. पण आपल्या बाबतीत ब्राउवरचीही हरकत नसती. कारण वर्गमुळापर्यंतच्या संख्या मर्यादित आहेत, एकेक तपासली की भाजक सापडणारच, ही पद्धत ल्युकांच्या वेळीही हाताशी होती. फक्त साडेनऊशे वर्षांचा वेळ नव्हता. त्यामुळे 'तत्त्वतः सापडतो' आणि 'माणसाला सापडतो' यांतलं अंतर हा इथला खरा प्रश्न आहे. तत्त्वज्ञांनी या दुसऱ्या बाजूकडे फार कमी लक्ष दिलं, असं माझं मत आहे.

*प्रश्न : मर्सेन यांच्या यादीत आणखी चुका होत्या का?*

होत्या. एकूण पाच. ६७ आणि २५७ हे घातांक यादीत नको होते. ६१, ८९ आणि १०७ हवे होते, ते राहिले. पूर्ण यादी तपासून व्हायला १९४७ साल उजाडलं, म्हणजे तीनशे वर्षं. पण १२७ त्यांचा बरोबर होता, आणि तो मूळ असल्याचं ल्युकांनीच १८७६ साली दाखवलं. एकाच माणसानं एकाच वर्षी त्यांचा एक दावा खरा केला आणि एक खोटा! आणि तरीही या जातीच्या संख्यांना आपण मर्सेन संख्या म्हणतो. चुकीची का होईना, पण तपासता येईल अशी यादी त्यांनी जगापुढे ठेवली, याचं ते श्रेय आहे असं मी मानतो.

*प्रश्न : आता हे शोध चालू आहेत का?*

जोरात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये २ चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १ ही मूळ संख्या जाहीर झाली. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत. ती कोणी फळ्यावर मांडू शकणार नाही. ती मूळ आहे हे आपण वेगवेगळ्या यंत्रांनी, वेगवेगळ्या प्रणालींनी स्वतंत्रपणे केलेल्या गणितावरून मानतो. साक्षीदार अनेक आहेत आणि ते एकमेकांना विचारून बोललेले नाहीत, म्हणून. म्हणजे गाडी पुन्हा शब्दप्रमाणावर आली, पण आता आप्त हे यंत्र आहे. यंत्राला आप्त म्हणता येईल का? त्याला विषय 'माहीत' असतो का? पुढच्या व्याख्यानाचा विषय तोच ठेवू. तोपर्यंत तो एकशे आठ गुणाकारांचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. माझ्या शब्दावर ठेवू नका.